कॉफीच्या अंगणातलं भरीत

आमच्या घरी ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली जाते. जळगावात कुणी पाहुणे आले, जेवणं झाली, सुपारी फिरली की आमचे हे खुर्चीत रेलून सुरू करतात, "आम्ही कर्नाटकात जाऊन कॉफीच्या मळ्यात भरीत केलं, सांगितलं का तुम्हाला?" मग मोबाइलमधला फोटो सगळ्यांच्या हातातून फिरतो. फोटोत मी पदर खोचून धुरात उभी आहे आणि हसते आहे. लोकही हसतात. मी पाणी आणायला आत जाते. ह्यांच्या गोष्टीत फक्त तो एकच दिवस असतो. दुसरा दिवस ते सांगत नाहीत की त्यांच्या लक्षातच राहिलेला नाही, हे मी कधी विचारलेलं नाही.

माझा अपमान फार लवकर होतो. समोरच्याने केलेला नसला तरी होतो. माहेर यावलकडचं, केळीच्या बागांमधलं. सासर शिरपूरचं, आणि नोकरी जळगावात, बँकेत. काउंटरवर बसून शुद्ध बोलायला शिकले आणि तेव्हापासून कुणी आपल्याला गावंढळ तर समजत नाही ना, यावर पाळत ठेवण्यातच माझा अर्धा जीव जातो. उरलेला अर्धा भांडणात.

ह्यांना निवृत्तीनंतर फिरायची हौस आली. कुणीतरी सांगितलं, दक्षिणेत डोंगरावर कॉफीचं गाव आहे, तिथे मळ्यातच राहायला मिळतं. सोबत शिरपूरच्या माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, निघाल्या. अक्कांनी जन्मात कॉफी प्यायलेली नव्हती, पण झाड बघायचं होतं.

दिवस जानेवारीचे, म्हणजे आमच्याकडे भरताचे. माहेरून मोठाली हिरवी वांगी आली होती, ती मी पिशवीत भरली. अक्का माझ्याही पुढे. त्यांनी कपाशीच्या काट्यांची, म्हणजे वाळलेल्या काड्यांची, मोळी गोणपाटात बांधून आणली. काट्यांवर भाजलं तर भरीत, गॅसवर भाजलं तर ती नुसती वांग्याची भाजी, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. भुसावळला गाडीत चढून ती मोळी बर्थखाली सरकवत होतो, तेव्हा समोरच्या प्रवाशाने विचारलं, "कुछ पूजा-वूजा है क्या?" मी खिडकीबाहेर बघायला लागले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "हां, पूजाच शे." ह्यांना हसू आवरेना. मला मात्र ती मोळी गाडीबाहेर फेकून द्यावीशी वाटत होती.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर घरही ओळखू येईल. एक रस्ता, दोन्ही बाजूंनी दुकानं, दर दोन दुकानांआड कॉफी भाजल्याचा कडवट वास. गावाबाहेर चढावर आम्ही उतरलो त्या मळ्याच्या मालकिणीचं घर. माझ्याच वयाची बाई, साडीवर पुरुषी शर्ट चढवलेला, डोक्याला रुमाल. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन दूर. दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची आणि घरामागची-पुढची कॉफी स्वतः बघायची. तिचं हिंदी आमच्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळे बोलणं चांगलं झालं.

घरासमोरच्या अंगणात बांबूच्या चौकटींवर जाळी ताणून कमरेएवढे मांडव केले होते आणि त्यांवर सोललेल्या, धुतलेल्या बिया वाळत होत्या. तिने कॉफीचं एक पिकलेलं लाल फळ अक्कांच्या हातात पिळलं, आतला गोड चिकट गर चाखायला लावला. मग सांगितलं ते असं. आजवर तिची कॉफी व्यापाऱ्याकडे जायची आणि सगळ्या गावाच्या कॉफीत मिसळून जायची. यंदा तिने फक्त पिकलेली फळं हाताने वेचून, निराळी धुऊन, निराळी वाळवली होती. शहरातला एक माणूस ती बघायला येणार होता. तो स्वतः कॉफी भाजून विकतो, आणि आवडली तर पाकिटावर मळ्याचं नाव घालतो. हे सांगताना ती बियांवरून सारखा हात फिरवत होती. अक्कांनीही हात फिरवला. म्हणाल्या, "कापूसनंच काम शे. येचनं तेच, वाळाडनं तेच." मी भाषांतर केलं, तर मालकीण अक्कांकडे बघून पहिल्यांदा मोकळं हसली.

दुसऱ्या दिवशी मी तिला वांगी दाखवली. आमच्याकडे काय करतात ते सांगितलं. ती म्हणाली, "बनाइए. मैं भी खाएगी." मला इतका आनंद झाला की विचारू नका. दुपारी तिला गावात काम होतं. निघताना फाटकाशी थांबली आणि हाताने घराच्या मागे दाखवत म्हणाली, "आग पीछे जलाना. आगे नहीं. पीछे." वर हातही जोडले.

नेमकी त्याच वेळी एक गाडी फाटकातून आत आली. दुसऱ्या खोलीचे पाहुणे, शहरातलं तरुण जोडपं, डोळ्यांवर काळे चष्मे. मालकिणीने त्यांचं स्वागत केलं, त्यांना समोरच्या ओसरीवर बसवलं आणि गेली.

झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. माझ्या मनात गाडीतल्या मोळीपासून जे साठलं होतं ते सगळं वर आलं. म्हणजे ह्या चष्मेवाल्यांना समोर बसवायचं आणि आम्ही मागे जायचं. मोळीवाले, वांगीवाले लोक, दिसायला नकोत.

"अक्का, आणा त्या काट्या," मी म्हटलं. "इथेच पेटवू. अंगणात."

अक्का म्हणाल्या, "ती मांगे सांगी गई ना?"

"का म्हणून मागे? आपण काय चोर आहोत का लपून खायला?"

"तसं नही व माय. आंगन तिनं शे. काही कारन ऱ्हाई."

"कारण मला समजलं," मी म्हटलं. "तुम्हाला नाही कळायचं ते." जाऊबाईंना मी आयुष्यात इतकं तोडून कधी बोलले नव्हते. त्या काट्या आणायला गेल्या. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, जे ते अशा वेळी नेहमी धरतात.

अंगणाच्या एका कोपऱ्यात, मांडवांपासून तसं दूर, मी जाळ केला. काट्या चरचरून पेटल्या. वांगी टाकली, साली काळ्या पडून फुटायला लागल्या, त्यावर ओंजळभर हिरव्या मिरच्या. मिरच्यांचा ठसका उठला तसं ते जोडपं खोकत ओसरीवरून खाली आलं. मला वाटलं, आता नाक मुरडतील. तर ती मुलगी माझ्या शेजारी उकिडवी बसली, हे काय, ते काय, विचारायला लागली, आणि मुलाने फोटो काढला. तोच हा फोटो. त्यात मी जिंकलेली आहे. वारा फिरला होता आणि धूर माझ्या मागे मांडवांवर जाऊन बसत होता. तो मला दिसत होता. धूरच तो, जाईल उडून, असं वाटलं.

मालकीण परत आली तेव्हा मी भरीत घोटत होते. ती फाटकात थांबली. मग हातातली पिशवी तिथेच खाली ठेवून सरळ मांडवांकडे गेली, मूठभर बिया उचलल्या आणि नाकाशी धरल्या. दुसऱ्या मांडवावरच्या धरल्या. मग आमच्याकडे आली. मी ताट पुढे केलं. तिने ते घेतलं, बसली, आमच्यासोबत जेवली. "अच्छा है," म्हणाली. खरंच चांगलं झालं होतं. जेवण झाल्यावर ऊन असतानाच ती मांडवांवर कापडं पांघरायला लागली. मला वाटलं, इकडे दव लवकर पडत असेल. अक्का उठून तिच्याबरोबर कापडाचं दुसरं टोक धरायला गेल्या.

सकाळी मी ओसरीवर पेला घेऊन बसले होते. अंगणातली आमची राख कुणीतरी झाडून, जागा पाण्याने धुऊन टाकली होती. किती स्वच्छ बाई आहे, असं मनात आलं. तेवढ्यात तो शहरातला माणूस आला. माझ्याकडे बघून इंग्रजीत नमस्कार-चमत्कार केले, मीही बँकेतल्या इंग्रजीत उत्तर दिलं. हे मुद्दाम सांगते आहे.

मालकिणीने कापडं काढली. त्याने खाली वाकून, तूप कढल्यावर आपण वास घेतो तसा, बियांचा वास घेतला. पुन्हा घेतला. दुसऱ्या मांडवावर गेला, तिसऱ्या गेला. मग मान वर करून अंगणभर बघितलं आणि तिला काहीतरी विचारलं. त्यांची भाषा मला कळत नव्हती, पण प्रश्न कळला, बियांना हा धुराचा वास कुठला. वांगी माझी होती.

तिने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्वतःच्या स्वयंपाकघराच्या धुराड्याकडे बोट केलं आणि कपाळावर हलकेच हात मारून हसली. माझंच चुकलं, माझीच चूल, असं.

तो काही वाईट वागला नाही. मान हलवली, दोन शब्द गोड बोलला. पण नमुना घ्यायला आणलेला डबा त्याने उघडलाच नाही. त्याच्या लेखी ती आता वाळत्या कॉफीशेजारी चूल पेटवणारी बेफिकीर बाई होती. यंदाची कॉफी गेली ती गेलीच, पुढच्या वर्षी तो कशाला हा चढ चढेल?

अक्का माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "जाय, सांग त्याले. इस्तो आम्ही पेटाडा, बाईनी नही."

विस्तव आम्ही पेटवला, एवढ्या एका वाक्याचं काम होतं. तो समोरून चालत फाटकाकडे जात होता, त्याला इंग्रजी येत होतं, मलाही येत होतं. काउंटरवर मोठमोठ्या साहेबांना मी चुका दाखवल्या आहेत. पण त्या माणसासमोर, ओसरीच्या पायरीवर येऊन बसलेल्या त्या चष्मेवाल्या मुलीच्या देखत, आम्हीच ते, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी अक्कांना म्हटलं, "त्यांचं त्यांना बघू द्या. आपण मध्ये कशाला?" आणि पेल्यात बघत बसले. गाडी सुरू होऊन उतारावरून खाली जाईपर्यंत मी वर बघितलं नाही. मला लाज वाटत होती आणि ती लाज झाकायला मी आणखी एक लाजिरवाणी गोष्ट केली.

मग अर्थातच मी माफी मागायला गेले. सवयीने लांबलचक बोलले. आम्हाला माहीत नव्हतं, वारा फिरला, आमच्याकडे अशी पद्धत. ती मांडवावरच्या बिया गोळा करत होती. सगळं ऐकून घेतलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "मैंने बोला था ना. पीछे."

आणि साधी गोणी काढली, व्यापाऱ्याकडे जायची, सगळ्या गावाच्या कॉफीत मिसळायची. तिने गोणीचं तोंड माझ्या हातात दिलं. मी धरून उभी राहिले, ती भरत गेली. प्रत्येक ओंजळीबरोबर वास वर येत होता. काट्यांचा, जळक्या सालीचा, मिरचीचा. आमच्या माहेरच्या मळ्यात सगळे जमल्यावर येतो तो वास, ज्याच्यावर मी आयुष्यभर जीव टाकला, तो त्या गोणीतून येत होता आणि मला तोंड फिरवावंसं वाटत होतं.

अंगण झाडून झालं. झाडू मागे ठेवायला मी घराला वळसा घालून गेले. आल्यापासून त्या बाजूला मी एकदाही फिरकले नव्हते. मागे मोरी असेल, सरपण असेल, भांडी घासायची जागा असेल, असंच धरून चालले होते.

मागे दरी होती. अख्खा डोंगर पायथ्यापर्यंत दिसत होता, समोरच्या ओसरीवरून ज्याचा तुकडाही दिसत नाही. वारा घराकडून दरीकडे वाहत होता. कडेची जमीन शेणाने सारवलेली होती. तिच्यावर तीन दगडांची चूल मांडलेली, शेजारी बारीक फोडलेलं सरपण, पाण्याची झाकलेली घागर आणि गुंडाळून ठेवलेली चटई. एका चपट्या दगडाखाली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून, केळीची पानं दाबून ठेवली होती.

केळीच्या बागेत वाढले आहे मी. पान कधी कापलं ते बघून सांगता येतं. कडा पिवळ्या पडून आत वळायला लागल्या होत्या. म्हणजे काल दुपारी, गावात जायच्या आधी तिने ती कापली, धुतली, पुसली आणि मग फाटकाशी येऊन हात जोडून मला मागे जायला सांगितलं.

मी दगड उचलून पानं मोजली. चार होती. तीन आमची आणि एक तिचं.