गिरजाबाईंचा नंबर

टोकावड्याच्या अलीकडे रस्ता सोडून आत गेलं, की सुळक्याच्या पायथ्याला गिरजाबाईंचं घर. दोन वर्षांपूर्वी वाट चुकलेले चार ट्रेकर त्यांच्या ओटीवर आले. बाईंनी त्यांना पिठलं-भाकरी वाढली आणि जाताना मागितला म्हणून फोन नंबर दिला. एवढाच काय तो बाईंचा गुन्हा.

त्यांच्यातल्या कुणीतरी तो नंबर ट्रेकिंगच्या वेबसाइटवर टाकला : ‘जेवण, मुक्काम, वाटाड्या – गिरजाताई.’ तिथून तो दुसरीवर गेला, मग तिसरीवर, मग शिखरं मोजणाऱ्यांच्या कुठल्याशा ॲपवर. फोन जो वाजायला लागला, तो थांबेचना. मग भाताची लावणी चालू असो, की चुलीवर तवा असो.

“सुळक्यावर आता धुकं आहे का?”

“मी चिखलात हाय, बाबा. वर बघाया टाइम नाय.”

“दोर भाड्यानं मिळेल?”

“म्हशीचा हाय. चालंल?”

“नंबर बदल ना गो,” नवरा नवसू म्हणायचा. पण गॅस, बँक, रेशन, सगळं त्याच नंबराला जोडलेलं. एका वेबसाइटवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, आम्ही दुसरीकडून घेतलंय, त्यांना सांगा. त्यात कुणीतरी लिहिलं, ‘ताई फोनवर नीट बोलत नाहीत’, आणि वर दोनच तारे दिले. जावयानं, अनिलनं, ते वाचून दाखवलं.

“मी हाटेल कदी काढलं रे?” बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या.

शेवटी त्यांनी अनोळखी नंबर उचलणंच बंद केलं, आणि तिथंच घात झाला. लेक अक्षदा शहापूरच्या दवाखान्यात बाळंत झाली. अनिलच्या फोनची बॅटरी संपलेली, म्हणून तो शेजारच्या खाटेवाल्यांच्या फोनवरून सकाळपासून लावत होता. इकडे बाई चरफडत होत्या, “वाज, किती वाजायचं ते वाज!” शेवटी अनिलनं गावातल्या दुकानात फोन केला, तेव्हा नात झाल्याचं त्यांना संध्याकाळी दुकानदाराकडून कळलं. त्या पोचल्या, तेव्हा अक्षदा भिंतीकडं तोंड करून रडली.

पुढच्याच रविवारी मिताली नावाची मुंबईची मुलगी आपला गट घेऊन अंगणात उभी राहिली. “ताई, यादीतला हा एवढाच सुळका राहिलाय.”

“ऱ्हाऊ दे. आधी बसा. माझा नंबर जितं जितं हाय, तितनं काडा. मंग जा वर.”

“ते आमच्या हातात नसतं, ताई.”

“टाकणारी तुमच्यासारखीच पोरं व्हती ना? मंग काडायचा कुणी, मी?” आणि बाईंनी लेकीच्या बाळंतपणाचं सगळं सांगितलं.

मिताली फोन काढून ओटीवर बसली, बाकीचेही बसले. कुठं दुरुस्ती केली, कुठं तक्रार लिहिली. ऊन डोक्यावर आलं आणि त्यांचा सुळका राहिलाच. दारात आलेल्यांना बाईंनी चहा विचारला नाही, असं पहिल्यांदाच झालं.

फोन कमी झाले, बंद नाही झाले. एका जुन्या पानाचा मालकच सापडत नाही म्हणे. परवा बाई मांडीवर नातीला तेल चोळत होत्या, तोच पुन्हा वाजला.

“ताई, वरती नेटवर्क मिळतं का?”

“इतं मिळतंय, त्येच नको झालंय!” म्हणत बाईंनी तेलकट बोटानं फोन बंद केला.