काळे ओंडके आणि मावशीचे हात

आमची मावशी क्रेन चालवायची. "बाई आणि क्रेन?" असं ज्याने ज्याने विचारलं, त्याला ती म्हणायची, "मग काय, क्रेनने बाईला चालवायचं?" तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की भले भले गप्प बसायचे.

नदीकाठच्या वाळू-खडीच्या खाणीत ती क्रेनवर आणि मी वजनकाट्यावर. त्या वर्षी खाण खोल गेली आणि तळातून झाडांचे ओंडके निघायला लागले. काळेकुट्ट, दोघांच्या कवेत न मावणारे. तपासायला आलेले गृहस्थ म्हणाले, हजारो वर्षांपूर्वी पुरात पडलेली झाडं आहेत ही, गाळाखाली हवा लागली नाही म्हणून टिकली. झालं! मालकाला लगेच त्यात टेबलं दिसायला लागली. पहिले दोन करवतीखाली गेलेसुद्धा.

तिसऱ्याला साखळी लावली तशी मावशी क्रेनवरून खाली उतरली. "इतकी वर्षं नदीने सांभाळलं आणि तुम्ही तुकडे करणार? काठावर मांडा, लोकांना बघू दे," तिने मालकाला तोंडावर सांगितलं. उरलेले ट्रकवर चढवायला साफ नकार दिला. मालकाने तिथल्या तिथे तिला कामावरून काढलं आणि दुसरा क्रेनवाला बोलावला.

आता क्रेनच्या कामात एक नियम असतो. उचलायचा इशारा ठरलेल्या माणसानेच द्यायचा. पण थांबायचा इशारा कोणीही देऊ शकतं, अगदी झाडूवालीसुद्धा. तो दिसला की क्रेनवाल्याने थांबायचंच. का आणि कशाला, ते नंतर. माणसं चिरडली जाऊ नयेत म्हणून आहे तो.

दुसऱ्या दिवशी नवा माणूस ओंडका उचलणार, तेवढ्यात मावशी समोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात आडवे पसरून. थांब!

तो थांबला.

"उचल रे!" मालक ओरडला.

"साहेब, त्या थांब म्हणतायत."

"ती आता इथली कोणी नाही!"

"नसू दे. इशारा तो इशारा," तो म्हणाला आणि त्याने चक्क इंजिन बंद केलं.

मालक लालबुंद झाला. मावशीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण उन्हात तिचे पसरलेले हात हळूहळू खाली यायला लागले, तेव्हा मला राहवेना. काटा सोडला आणि तिच्या शेजारी हात पसरून उभी राहिले.

"तू कशाला मध्ये कडमडतेस?" ती खेकसली.

"भाची कोणाची आहे मी?"

मग चाळणीवरचे दोघं आले. मग ट्रकवाला, ट्रक तसाच रिकामा सोडून. सांगते तुम्हाला, इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी मालकाने हात टेकले. "मांडा ती ब्याद काठावर! पण ही बाई पुन्हा माझ्या फाटकातून आत येता कामा नये."

"बरं," मावशी म्हणाली.

आज ते ओंडके काठावर आहेत, काही उभे, काही आडवे. नगरपालिकेने 'निसर्गस्मारक' अशी पाटी लावलीय आणि पाटीवर मालकाचं नाव आहे. असू दे! मावशी दुसऱ्या खाणीत क्रेन चालवते. तिची सुट्टी असते त्या दिवशी आमची नसते. दुपारी डबा घेऊन ती काठाकाठाने चालत येते. नदीच्या बाजूला कुठलं आलंय फाटक? मालकाच्या खिडकीसमोर जो सगळ्यात जाड ओंडका आडवा पडलाय, त्याच्यावर ऐसपैस बसते आणि अगदी सावकाश जेवते.