मौद्याच्या पुढची वाट: जीप की मोटार?

साताऱ्याहून निघाले तेव्हा माझ्या वळकटीत दोन गाद्या होत्या. एक माझी आणि दुसरी मोटारीच्या मागच्या बाकावर अंथरायची. मोटार अजून ठरायची होती, पण माझ्या मनात ती ठरलेलीच होती. माझ्या मनात एकदा ठरलं की घरातली माणसं पुढं बोलत नाहीत.

जायचं होतं नागपूरला, आणि तिथून मौद्याच्या पुढे धानाच्या मुलखात, माझी भाची शांता हिच्या सासरी. माझे भाऊ-वहिनी गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे मीच. तिला सातवा संपत आला होता. आधीची दोन बाळं पोटातच गेली. त्यातलं दुसरं तर तिला मौद्याला नेताना, बैलगाडीतच. या खेपेला नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, शेवटचे दोन महिने दवाखान्याजवळ राहा, पण येताना पोटाला हिसका बसता कामा नये. सासरहून तसं पत्र आल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

नागपूर स्टेशनवर शांताचे यजमान वासुदेव घ्यायला आले होते. गावातल्या शाळेत मास्तर आहेत, शांत माणूस. "जयभीम, आत्याबाई," म्हणत त्यांनी वळकटी उचलली आणि रिक्षा थेट इतवारीत नेली. काय ती गर्दी! हातगाड्या, धान्याची पोती, भांड्यांचा खणखणाट. त्या गल्लीत एक लांब पाठीची जुनी जीप उभी होती. लष्कराच्या लिलावातली, रंग उडालेली, मागे ताडपत्री ताणायला जाड लोखंडी कमानी. तिचे मालक नामदेवराव पोत्यावर बसून संत्रं सोलत होते.

"हिच्यातून आणायची माझी पोर?" मी विचारलं.

"बसून तं पाहा, आत्याबाई," नामदेवराव म्हणाले.

बसले. इतवारीच्या नाक्यापर्यंत गेलो तेवढ्यात माझी कवळी दोनदा जागची हलली आणि तोंडातून नको ते शब्द बाहेर पडले.

"ही काय गाडी आहे? हे तर नुसतं उखळ आहे! मला मोटारच हवी, गादीची, मऊ."

नामदेवराव जराही रागावले नाहीत. म्हणाले, "मोटार भेटून जाईन. पण ते धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) अडकली तं काढन कोन?"

"तुम्हाला तुमचं भाडं हवंय म्हणून बोलताय," मी फाडकन म्हटलं. वासुदेवांनी मान खाली घातली. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळी मोटार ठरवून निघाले. भंडाऱ्याच्या रस्त्यावर गाडी अशी चालली की काय सांगू! ऊन कोवळं, काच खाली, हातात संत्र्याच्या फोडी. मौदा येईपर्यंत मी वासुदेवांना तीनदा म्हटलं, "बघा, काही जाणवतंय का?" मौद्याला चहा प्यालो. मग डांबर संपलं.

पुढे रस्ता असा नव्हताच. कापणी झालेल्या बांध्या (धानाची चौकोनी खाचरं), त्यांच्यामधून बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आणि दर शंभर पावलांवर एक धुरा. दोन धुरे कसेबसे पार झाले. तिसऱ्यावर मोटारीचं पोट टेकलं आणि चाकं अधांतरी फिरायला लागली. ड्रायव्हरनं कपाळावर हात मारला. शेजारच्या शेतातल्या माणसानं बैलजोडी आणून मोटार मागे ओढली.

"कोनाच्या घरी जाऊन राहिल्या, बाई?" त्यानं विचारलं.

"मास्तरांच्या."

"मंग पायीच जा. लवकर पोचान."

ड्रायव्हरला मी मौद्यात थांबायला सांगितलं आणि ती गादी वासुदेवांच्या डोक्यावर देऊन दोन मैल चालत गेले.

शांता दारातच बाजेवर (खाटेवर) बसली होती. मला पाहून हसली, पण उठली नाही. तिच्या सासूबाई, सीताबाई, बुटक्या आणि कामसू. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं आणि भात, वांग्याचा रस्सा वाढला, वर मूठभर सांबार (तिकडं कोथिंबिरीला म्हणतात). रस्सा इतका तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर आलं ते मात्र तिखटाचं नव्हतं, कारण शांता म्हणाली, "आत्या, तू आलीस, बरं वाटलं. पण मी त्या वाटेनं येणार नाही. त्या गाडीत माझं काय झालं ते मलाच माहीत. इथं व्हायचं ते होऊ दे."

मी मनाशी हिशेब मांडत बसले. मोटार येत नाही, जीप हिसके देते, आणि इथं राहिली तर वेळेला सुईणीशिवाय कुणी नाही. वासुदेव मात्र उठले, सायकल काढली आणि मौद्याला जाऊन मोटारवाल्याकडून नामदेवरावांना निरोप धाडून आले.

दुसऱ्या दिवशी जीप आली. धुऱ्यांवरून उड्या मारत, धूळ उडवत, थेट अंगणात. मी नामदेवरावांना प्यायला पाणी नेऊन दिलं. सीताबाई मात्र जीपच्या मागे गेल्या. त्या लोखंडी कमानीला लोंबकळल्या, दोन झोके घेतले आणि खाली उतरल्या.

"नामदेवदादा, हे तुटत तं नाई?"

"दोन क्विंटल लटकवा. काहून तुटन?"

"इहीनबाई, मंग झोळी बांधू ना. लेकराले झोळीत हिसका लागते का? मंग लेकराच्या मायले काहून लागन?"

अगं बाई! मी पाहतच राहिले. इतक्या बाळांना झोळीत झोके दिले मी, पण हे काही सुचलं नव्हतं. सीताबाईंनी पेटीतली दोन नवी लुगडी काढली, दुहेरी केली आणि बैलांच्या दोरांनी कमानींना बांधली. आधी धानाचं पोतं निजवलं. पोत्यावर काठोकाठ भरलेला तांब्या, आणि नामदेवरावांनी जीप खळ्यातून, धुऱ्यावरून फिरवून आणली. आम्ही सगळे मागून पळत. चाक खड्ड्यात गेलं की झोळी नुसती सावकाश डोलायची. तांब्यातलं पाणी सांडलं, नाही असं नाही, पण चार-दोन थेंब.

शांतानं ते सारं बाजेवरून पाहिलं. मग म्हणाली, "आत्या, हात दे."

झोळीत तिच्याखाली माझी ती गादी अंथरली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सीताबाई, झोळी कडेला आपटू नये म्हणून दोघी हातांनी धरून. नामदेवरावांनी जीप अशी हाकली की शेजारून म्हशी पुढं जात होत्या. ते प्रत्येक धुऱ्याआधी ओरडायचे, "धरा वं बाप्पा!" आणि आम्ही धरायचो. माझी हाडं खिळखिळी झाली. शांताचा चेहरा पहिल्या मैलापर्यंत पांढरा होता. मग तिनं डोळे मिटले, आणि मौदा यायच्या आत ती चक्क घोरायला लागली. सीताबाई आणि मी एकमेकींकडं बघून तोंडाला पदर लावून हसलो.

मौद्याला काळी मोटार परत येऊन उभी होती. नामदेवरावांनीच तिला यायला सांगितलं होतं. "पुढं डांबर आहे, मोटारीत न्या," ते मला म्हणाले. माझ्या परवाच्या बोलण्यानंतरही! मी शांताला हलवलं. ती अर्धवट डोळे उघडून म्हणाली, "मी इथनं उतरत नाही." मग नागपूरपर्यंत जीप पुढं आणि रिकामी मोटार मागं, अशी आमची वरात गेली. वाटेत मी नामदेवरावांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या ना आत्याबाई, तुमचा जीव लागून राहिला होता."

डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "छान चाललंय." त्या दिवशी शांतानं मला टोपड्याचं कापड आणायला सांगितलं. तोवर तिनं घरात बाळाची चिंधीसुद्धा येऊ दिली नव्हती.

आता साताऱ्याला परत आल्यावर सगळ्या विचारतात, नागपुरात काय काय पाहिलंस? खरं सांगायचं तर दवाखान्याची गल्ली सोडली तर एकच रस्ता पाहिला, आणि तोही धुळीतून. जीप चांगली की मोटार, हेही मला अजून सांगता येत नाही. मी गाडी निवडत बसले होते, आणि सीताबाई शांताला कसं न्यायचं ते बघत होत्या.

मुलगी झाली, पुऱ्या दिवसांची. बाळाला आत्या नाही, म्हणून सीताबाई मला म्हणाल्या, "शांताची आत्या तेच बाळाची. नाव तुमीच सांगा." मी 'करुणा' म्हटलं. सीताबाईंनी ते नाव तोंडात दोन-तीनदा घोळवून पाहिलं, मग वाकून हाक मारली. शांताच्या आधीच्या बाळांना नावानं हाक मारायची वेळच आली नव्हती.