चपलांवरून हजेरी

बाई हजेरी चपलांवरून घ्यायच्या. सकाळी साडेनऊच्या सुमारास गुडघ्यावर हात ठेवून त्या जिना उतरायच्या, गाळ्याच्या दाराबाहेर पडलेल्या चपला-बुटांवर नजर फिरवायच्या आणि आत पाऊल टाकायच्या आधीच म्हणायच्या, "मृणाल न्हाई आली अजून." आम्ही आत दहा-बाराजण मान खाली घालून बसलेले असायचो. शेजारचं टेबल रिकामं आहे हे आमच्या लक्षातही आलेलं नसायचं.

कासारसाईत त्यांचं रस्त्यालगत दुमजली घर होतं. खालच्या गाळ्यात आधी हार्डवेअरचं दुकान होतं. ते उठलं आणि गाळा वर्षभर रिकामा पडला. हिंजवडीच्या आसपास घरी बसून काम करणारी माणसं वाढली होती. ते बघून बाईंच्या मुलानं टेबलं मांडली, इंटरनेट घेतलं, बाहेर को-वर्किंगचा इंग्रजी बोर्ड लावला आणि स्वतः चाकणला नोकरीवर जात राहिला. किल्ली आईच्या कमरेला; सकाळी दार उघडून त्या पुन्हा वर जायच्या. बाईंनी तीस वर्षं गावातली अंगणवाडी चालवलेली. त्यामुळे बोर्डावर काहीही असो, गावात सगळे त्या गाळ्याला 'बाईंची शाळा' म्हणायचे. त्यात आम्हांला कमीपणा वाटायचा, असं आता कबूल करायला हरकत नाही.

मी यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका मराठीत करतो. पंप, फवारणीयंत्रं, पिठाच्या गिरण्या. शेजारी बसणारी मृणाल मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. कोपऱ्यात रजत, बिहारचा, व्हिडिओ एडिटिंग करायचा. पण ही माहिती मला नंतर झाली. पहिले दोन महिने आम्हांला एकमेकांची नावंही ठाऊक नव्हती. टेबलं भिंतीला लावलेली, प्रत्येकाच्या कानात हेडफोन, प्रत्येकाची पाठ दुसऱ्याकडे.

एका रविवारी विहारातून वंदना करून येताना बाईंनी दोन पुतण्यांना बरोबर आणलं आणि सगळी टेबलं फिरवून समोरासमोर लावली. सोमवारी मुलगा वैतागला. "आई, लोकांना शांतता हवी असते."

"शांतताच हाय की," बाई म्हणाल्या. "भिंतीकडं तोंड करून आमी पोरास्नी शिक्षा म्हून बसवायचो. ह्यांनी काय केलंय?"

टेबलं तशीच राहिली. समोर माणूस दिसू लागला की त्याला शिंक आली, तो कंटाळला, त्याचं काम अडलं, हे दिसतंच. मग विचारलं जातं.

जेवणाचंही तसंच. एक वाजला की बाई मधोमध सतरंजी टाकायच्या आणि पातेलंभर मटकीची उसळ आणून ठेवायच्या. "डबे उघडा," एवढंच म्हणायच्या. कुणी टेबलावर बसूनच खाऊ लागला तर त्याच्यासमोर जाऊन नुसत्या उभ्या राहायच्या. तीस वर्षांच्या सवयीची ती नजर भल्याभल्यांना सतरंजीवर आणायची. रजतशी त्या आपल्या हिंदीत बोलायच्या. "तुम लई वाळ गया है. ये खाओ मुकाट्यानं." रजतला 'मुकाट्यानं'चा अर्थ वर्षभर कळला नव्हता, त्याला ते उसळीचं नाव वाटायचं.

आमची कामं त्यांना कळायची नाहीत असं नाही, पण त्यांचं लक्ष माणसाकडे असायचं. मृणाल मागच्या टाकीजवळ जाऊन फोनवर परदेशातल्या कुणाशी तरी बोलायची. एकदा ती आत आल्यावर बाईंनी विचारलं, "कोण एवढं रागावतं गं तुला?"

"कुणी नाही बाई, कामाचं बोलणं होतं."

"मग घडीघडी सॉरी कशापायी म्हणतीस? काय चोरी केलीस का?"

मृणाल हसली. पण पुढच्या आठवड्यात तिनं ते काम सोडलं.

माझ्यावर वेळ आली ती पुढच्या मार्चमध्ये. तीन वर्षं ज्या एकाच कंपनीकडून माझं बहुतेक काम येत होतं, तिची ओळभर मेल आली. यापुढे भाषांतर संगणकच करणार होता. माझे आभार मानले होते. मी लॅपटॉप मिटला, धरणाच्या रस्त्यावरच्या माझ्या खोलीत गेलो आणि आडवा झालो. साताऱ्याला आईला काही कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी उठलो नाही. तिसऱ्या दिवशी फोन बंद केला. मी दुःखी होतो असंही म्हणता येणार नाही. नुसता पडून होतो. छताचा पंखा बघत.

पाचव्या दिवशी सकाळी दार वाजलं. मी कूस बदलली. पुन्हा वाजलं.

"आत हायेस मला ठावं हाय. उघड. दोन जिनं चढलीया मी."

दार उघडलं. बाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या, धाप लागलेली. आत आल्या, पलंगाच्या कडेला टेकल्या. ओट्यावर पडलेली बिस्किटांची रिकामी पाकिटं त्यांनी पाहिली.

"चार दिस तुजी चप्पल न्हाई दारात."

"बरं नव्हतं."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. "ताप तर न्हाई."

"काम गेलं, बाई."

"बरं."

मला राग आला. "बरं काय? सगळं काम गेलं माझं."

"ऐकलं की. आंघोळ कर, चल."

"तिथं येऊन करू काय?"

"बस. काम नसलं म्हून बसायला बंदी हाय व्हय? टेबल हाय, पंखा हाय, मान्सं हायेत. हितं काय हाय?"

मी आंघोळ केली. त्या बाहेर पायरीवर बसून राहिल्या. परतताना आम्ही फार हळू चालत होतो, त्यांच्या गुडघ्यांमुळे. मी विचारलं, "प्रत्येकाकडे अशा जाता का?"

"पोर येत न्हाई म्हंजी घरात कायतरी असतं," त्या म्हणाल्या. मग थोडं चालून झाल्यावर, रस्त्याकडे बघतच बोलल्या. "माजं पयलंच वरीस होतं. एक पोरगी आठ दिस आली न्हाई. मला वाटलं, मामाच्या गावाला गेली आसंल. नवव्या दिशी गेले."

मी थांबलो. "मग?"

"मग काय. उशीर झाला होता. तवापास्नं जाते."



गाळ्यात त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. एक वाजता सतरंजीवर मीच सांगितलं. सांगून झालं, तेव्हा रजतनं आपल्या डब्यातला सत्तूचा पराठा माझ्या ताटात टाकला आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात खात राहिला. महिनाभर मी रिकाम्या हातांनी तिथं येऊन बसत होतो. मग रजतला शेळीपालनाच्या एका व्हिडिओसाठी मराठी मजकूर हवा होता, तो मी लिहून दिला. मृणालनं तिच्या प्रकाशकाला माझं नाव सांगितलं. आज जे करतो आहे ते तिथूनच सुरू झालं. पण काम मिळालं म्हणून मी सावरलो, असं मला वाटत नाही. त्या रिकाम्या महिन्यात रोज साडेनऊला कुणीतरी आपली वाट बघत होतं, त्यानं सावरलो.

दोन वर्षांनी रस्ता रुंद करायचं ठरलं. घराच्या पुढच्या भिंतीवर लाल रंगाची खूण आली आणि गाळा पाडायच्या हद्दीत आला. बाईंच्या मुलानं चाकणला घर घेतलं. बाईंना तिथं करमणार नव्हतं, म्हणून त्या बारामतीला लेकीकडे जायला निघाल्या. शेवटच्या दिवशी भाषणबिषण काही झालं नाही. त्यांनी सगळ्यांना जेवायला घातलं, पातेलं घासलं आणि गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, "येकमेकांस्नी फोन करत ऱ्हावा."

आम्ही केले. आधी रोज, मग आठवड्यानं, मग वाढदिवसाला. मी पुन्हा खोलीत बसून काम करू लागलो. काम भरपूर होतं, त्यामुळे कुणाला भेटायला वेळ नाही असं सांगणं सोपं जायचं.

गेल्या हिवाळ्यात बारामतीला गेलो. लेकीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पण बाई खाली पार्किंगमध्येच सापडल्या. गाड्या कामावर गेल्यानं मोकळ्या झालेल्या जागेत सतरंजी अंथरलेली. एक शेजारीण साड्यांना फॉल लावत होती, एक वाती वळत होती, आणि एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन फोनवर कुणा ग्राहकाची तक्रार हिंदीत समजून घेत होती. तिघी त्याच इमारतीतल्या, आपापल्या दाराआड हीच कामं वर्षानुवर्षं करणाऱ्या. बाई येईपर्यंत त्या एकमेकींना लिफ्टमध्ये हसण्यापुरत्याच ओळखत होत्या.

मी तासभर बसलो. चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली. निघताना त्यांनी माझा हात धरला.

"आता कुटं बसतोस?"

"घरीच."

"एकलाच?"

मी हो म्हणालो.  हात सोडायला त्यांनी जरा वेळ लावला.

स्टँडवर पुण्याची गाडी लागायची होती. मी रजतला फोन लावला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. इकडच्या तिकडच्या गोष्टी न करता मी विचारलं, मृणालच्या मारुंजीच्या घराला मोठा व्हरांडा आहे, तिला विचारून आपण तिघं तिथं बसून काम करायचं का?

 त्यानं एवढंच विचारलं, "कितने बजे?"