कोनाड्यातला कप

दोऱ्यात बांधलेला काचेच्या बांगड्यांचा जुडगा सुटतो तेव्हा आधी एक दाटलेली, ओलसर किणकिण येते आणि मग एकेक बांगडी आपला सूर वेगळा करून घेते. जळगावात माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान आहे. त्या दुपारी मी तिथे स्टुलावर बसले होते, आणि त्या आवाजातूनच मला आमचं बोलणं आठवतं.

मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. धुळ्याला एका वाचक मंडळाची वक्तृत्व स्पर्धा होती, विषय होता ‘मला घडवणारं पुस्तक’. तिने निवडलेली कादंबरी मी वर्गात कितीतरी वर्षं शिकवत आले होते. नदीकाठच्या गावातली एक मुलगी वयात येते, एवढीच तिची गोष्ट. पण पाण्याचा, शेणसड्याचा, नव्या वहीचा गंध त्या गद्याला होता. माझ्या विद्यार्थिनीने ती नववीत प्रथम वाचली आणि आपल्या अंगात काय चाललं आहे, हे तिला त्या पानांत कळलं. घरात तसं बोलणारं कोणी नव्हतं.

स्पर्धेचे प्रमुख पाहुणे त्याच कादंबरीचे लेखक होते. तिला आनंद झाला होता. मग तिच्या मोबाइलवर त्यांच्या एका भाषणाची चित्रफीत आली. त्यात त्यांनी तिच्यासारख्या मुसलमान घरांतल्या माणसांना या भूमीचे भाडेकरू म्हटलं होतं. शांतपणे, नेमक्या शब्दांत, टाळ्यांसाठी थांबत.

“लेखक वेगळा, पुस्तक वेगळं,” मी तिला सांगितलं. माझं शिक्षण कवितेचं. कविता स्वतःपुरती पूर्ण असते, असं मला शिकवलं गेलं होतं.

तिने पुस्तक उघडलं. नायिकेला पहिल्यांदा हिरव्या बांगड्या भरल्या जातात, तो प्रसंग. बांगड्या भरणारा मणियार ओट्यावर बसतो, मुलीचा हात हातात घेतो, साबणाच्या पाण्याने मऊ करतो. आई कोनाड्यातला कान तुटलेला कप काढते आणि त्याला चहा देते. कपावर उन्हाची तिरीप पडलेली असते.

“मॅडम, तिरीप छान आहे. आधी मलाही तिरीपच दिसायची. पण हा कप कोनाड्यात का आहे? घरातले बाकीचे कप तर मांडणीवर आहेत. दोन पानं आधीच लिहिलंय.”

त्या तिरिपेवर मी एक अख्खा तास शिकवत असे.

तिचे वडील एका गिऱ्हाईक बाईच्या मनगटावर बांगडी चढवत होते. त्यांनी मान वर केली नाही. “माझे वडील भडगावकडे गावोगाव बांगड्या भरत फिरायचे, मॅडम. हात नुसता बघून माप सांगायचे. सगळ्या घरांतल्या लेकीसुनांचे हात त्यांच्या हातात. चहा मात्र ओट्यावर, आणि कप वेगळा.”

“त्यांना राग नाही यायचा?” मी विचारलं.

“राग कसला? वेगळा कप मोठा असायचा.”

“भाऊ, गप्पा नंतर मार,” बाई कळवळून म्हणाली, “माना हात दुखी ऱ्हायना.”

ते हसले. बांगडी चढली. मग लेकीकडे न बघता म्हणाले, “धुळ्याला जायला माझी ना नाही. पण त्यांच्या तोंडावर त्यांचीच तारीफ करशील, तर मला सांगू नकोस.”

पुस्तक बदलायची मुभा स्पर्धा सुरू होईपर्यंत होती. मी एक दुसरी कादंबरी सुचवली, तीही वयात येणाऱ्या मुलीचीच, निरुपद्रवी. तिने ती वाचली, छान आहे म्हणाली, आणि छान या शब्दापुढे काही बोलली नाही.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही एस.टी.ने निघालो. पारोळ्यानंतर खिडकीतून तापलेल्या मातीचा कोरडा वास येत होता. तिच्या मांडीवर दोन्ही पुस्तकं होती.

“मॅडम, नुसता कप सांगितला, तर मी खोटी ठरेन. या पुस्तकानेच मला माझ्याबद्दल सांगितलं. आणि कप गाळला, तरी खोटीच. दोन्ही एका दमात सांगता आलं नाही तर?”

“दुसरं पुस्तक आहे की.”

“त्यावर बोलणं सोपं आहे,” ती म्हणाली आणि बाहेर बघू लागली. तिच्या ओढणीचं टोक वाऱ्याने माझ्या हातावर येत होतं. मी ते बाजूला केलं नाही.

सभागृहाच्या दाराशी मोगऱ्याचे गजरे आणि ताज्या रंगाचा वास एकमेकांत मिसळला होता. पहिल्या रांगेत लेखक बसले होते. मी त्यांना प्रथमच प्रत्यक्ष पाहत होते. चेहरा सौम्य होता. शेजारच्या लहान मुलाला ते आपला चष्मा लावून दाखवत होते. तिनेही ते पाहिलं, बराच वेळ.

सूत्रसंचालक हातात कागद घेऊन घाईने आले. “ताई, बोलण्याच्या क्रमात तुमच्या मुलीचा नंबर पहिला आलाय. पुस्तक तेच की बदललं? मला पुकारायचंय.”

मी तिच्याकडे वळले. निर्णय माझा नव्हता, तरी दुसरी कादंबरी मी हातात धरून होते. तिने ती घेतली नाही. खांद्यावरची ओढणी नीट केली, एकदा मंचाकडे पाहिलं, एकदा पहिल्या रांगेकडे.

“कोणतं सांगू?” मी विचारलं.

“तेच.”