विकाऊ रानाचा राखणदार

फिर्मां बार्दूच्या खांद्यावर बंदूक शोभून दिसायची. भरघोस मिशा, रुंद छाती, कमरेला पितळी बकलाचा पट्टा. फ्रान्समधल्या सोलोन्यच्या तळ्याकाठून तो चालू लागला की पाहणाऱ्याला वाटावं, इथलं पाखरूसुद्धा याला विचारून उडत असणार. खरी गोष्ट अशी, की घरच्या कोंबड्याही त्याचं ऐकत नसत, आणि इतक्या वर्षांच्या राखणदारीत त्याच्या गोळीनं पडलेलं सर्वांत मोठं जनावर म्हणजे हवेलीच्या छपरावरचा वारा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा. हे गावच्या कॅफेत तो स्वतःच सांगायचा. लोकांनी हसण्याआधी आपण हसून घेतलं की कमी टोचतं, असा त्याचा अनुभव होता.

शिकारीचं ते रान, त्यातली तळी आणि विटांची जुनी हवेली मादाम द व्हारेन यांची. आसपास दुसरं घर नाही. पाव आणायचा तरी गावापर्यंत सायकल हाणावी लागे. मादामचा नवरा गेला, मग गुडघे गेले, आणि मुलांना पॅरिस सोडवेना. एका सकाळी त्या काठी टेकत फिर्मांच्या दाराशी आल्या.

"फिर्मां, मी हे सगळं विकायला काढलंय."

"बरं, मादाम," तो म्हणाला. "कॉफी घेता?"

त्या गेल्यावर तो कुत्र्यांच्या खोपटात जाऊन बसला. म्हाताऱ्या शिकारी कुत्रीच्या गळ्यात पडून पोटभर रडावं असा विचार होता. पण तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन ती झोपली.

त्याची बायको गिलेन रोखठोक. "नवा मालक नवा राखणदार आणणार. नेम लागणारा."

"मग नवा मालक येऊच द्यायचा नाही."

"काय करणार? गोळी घालणार? मग तर बिचारा सुखरूप आहे."

विक्री बघणाऱ्या दलालाची गाडी एकदा चिखलात रुतली होती. तेव्हापासून तो गिऱ्हाइकांना फाटकाशीच फिर्मांच्या हवाली करायचा. फिर्मांच्या हाती आयतंच कोलीत! पहिलं गिऱ्हाईक आलं ते ऐन थंडीत: ऑर्लेआंचा एक दातांचा डॉक्टर, नवे कोरे रबरी बूट घालून. फिर्मांनं ठरवलं, याला दलदलीतून असा फिरवायचा की पुन्हा रानाचं नाव काढता कामा नये. दलदलीत शिरले आणि धुकं उतरलं. थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाला, "हा मोडका ओक मघाशीही लागला होता."

"असे ओक इथं पैशाला पासरी," फिर्मां म्हणाला. त्याच ओकापाशी ते पुन्हा आले, तेव्हा मात्र त्याला घाम फुटला. राखणदार स्वतःच्या रानात हरवला होता. शेवटी जेवण गार होतंय म्हणून गिलेननं परसात पातेलं बडवलं, त्या आवाजाच्या रोखानं दोघं घरी पोचले. डॉक्टर परत फिरकला नाही, म्हणजे बेत तडीस गेला होता. पण कॅफेत पाऊल टाकताच कुणीतरी ओरडलंच, "काय फिर्मां, आज वाट सापडली?"

"बायको पातेलं वाजवत पुढे चालली होती," फिर्मां म्हणाला आणि सगळ्यांच्या आधी हसला.

वसंतात जोझियान मूर्लों आली. बूर्जच्या बाजारात तिचं मटणाचं मोठं दुकान होतं. बाई अंगापिंडानं दणकट. तिच्या मुलांना शिकारीसाठी रान हवं होतं.

"जनावर किती आहे?" तिनं पहिल्याच वळणावर विचारलं.

"जनावर कुठलं हो! एक ससा आहे, तोही पेन्शनीत निघालेला. रानडुक्कर म्हणाल तर मी लहानपणी पाहिलं होतं."

एवढ्यात बाजूची झुडपं हलली आणि पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं घेऊन एक अवाढव्य डुकरीण वाटेवर उभी राहिली. पुढचं फिर्मांला आठवत नाही. भानावर आला तेव्हा तो वाटेकडच्या शिकारीच्या मचाणावर होता, बंदूक खाली गवतात होती आणि गिऱ्हाईक बाई डुकरिणीसमोर एकटी उभी होती, पर्स छातीशी धरून, जागची न हलता. डुकरिणीनं दोनदा फुरफुर केलं, पिल्लं पलीकडे नेली आणि ती दिसेनाशी झाली.

जोझियाननं वर पाहिलं. "गेली. उतरा आता."

"पाय ऐकत नाहीत," फिर्मां म्हणाला. या एका वाक्यात मात्र थाप नव्हती.

तिनं शिडी धरली तेव्हा तो एकेक पायरी चाचपत उतरला. "लहानपणी पाहिलेलं ते हेच का?" तिनं विचारलं, आणि ओंडक्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर ती हसत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, "राखणदारच डुकरांना भितो म्हटल्यावर इथं डुकरं माजलेली असणार. रान माझं!"

सौदा झाल्यावर मादामचा निरोप घ्यायला फिर्मां टोपी हातात घेऊन गेला. सगळं आपल्यामुळे झालं, नेम तर कधी नव्हताच, आता आपणही निघतो, असं काहीबाही तो पुटपुटला.

"तुला नेमबाज म्हणून कोणी ठेवलं होतं?" मादाम म्हणाल्या. "आमचे हे म्हणायचे, फिर्मां सोबत असला की डुकरं निर्धास्त. त्यांनाही मारण्यात गोडी नव्हती रे. तुझ्याशी हसत फिरायचं, एवढीच त्यांची शिकार."

फिर्मांला यावर विनोद सुचेना. मादामनंच त्याच्या हातातली टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली.

जोझियाननं त्याला कामावरून काढलं नाही. "माझ्या पोरांना नेम आहे, अक्कल नाही," ती म्हणाली. "हुंदडून पिल्लावळ असलेल्या डुकरिणीसमोर जातील मूर्खासारखे. कुठं कधी जायचं नाही, ते तुम्ही सांगा. जपून राहणं तुमच्याइतकं कुणाला जमतं?"

शरदात पहिल्या शिकारीनंतर हवेलीत जेवणं झाली. कोबीत शिजवलेला रानकोंबडा, लाल वाइन, मोठा गलका. मूर्लोंच्या धाकट्यानं मचाणाची गोष्ट सांगायला तोंड उघडलं, तोच फिर्मां ग्लास घेऊन उठला. "थांबा, पळालो मी, मीच सांगणार." त्यानं डुकरीण गाढवाएवढी केली, मग घोड्याएवढी, आणि पिल्लं मोजता मोजता आकडा पार हाताबाहेर गेला. टेबलाभोवतीची मंडळी हसून हसून आडवी झाली.

"हळू रे, फिर्मां," गिलेन भांडी उचलत म्हणाली, "ती आणखी वाढली तर मचाण पुरायचं नाही."