गुडघ्यावर फाटलेली पँट

अग्निशमन दलात, म्हणजे आगीच्या बंबावर नोकरी लागली त्या दिवसापासून गल्ली त्याला बंब्या म्हणते. नाव दिलं थोरल्या बहिणीने. आईमागे तिनेच शिलाई मशीन चालवून त्याला वाढवलं, तेव्हा हक्क तिचाच.

यंदा घरपट्टी वाढली तेव्हा पहिली बोंबही ताईनेच मारली. समोरच्या किराणावाल्या शेटजींनी तर दुकानापुढे सभाच भरवली. "बंबवाल्यांची चोवीस तास ड्यूटी म्हणे! त्यात निम्मा वेळ घोरतात, वर दोन दिवस सुट्टी, आणि पगारवाढ हवी! बसून खाणाऱ्यांना आम्ही पोसायचं?" तोडगाही तयार होता: प्रत्येक पाळीतला एक माणूस कमी करा. ताईने मान डोलावली. चार पैसे वाचले तर कुणाला नको असतात?

बंब्या जेवायला आला तशी ती म्हणालीच, "या सरकारी जावई! झोप झाली का पुरी?"

"झाली की. घरपट्टी अजून थोडी भर, गादी बदलायची आहे." हसत त्याने ड्यूटीची फाटकी पँट शिवायला तिच्या पुढ्यात टाकली. मग घास हातातच धरून म्हणाला, "आगीत आम्ही जोडीने शिरतो, ताई. एक पडला तर दुसरा ओढून काढतो. माणूस कमी केला तर मी एकटा शिरणार."

"मग शिरू नकोस."

"आत कुणी असलं तर?"

 ताई पँट उलटीसुलटी करून बघत राहिली.

नगरपालिकेच्या सभेत नोकरांना बोलायची मुभा नव्हती. बंब्या भिंतीला टेकून उभा. शेटजींनी 'बसून खाणारे' सुरू केलं तशी ताई उठली, पिशवीतून ती पँट काढली आणि नगराध्यक्षांच्या टेबलावर पसरली. बंब्याने डोळेच मिटून घेतले.

"मी घरपट्टी भरते, म्हणून बोलणार. आयुष्य गेलं माझं ठिगळं लावण्यात. बसणाऱ्याची पँट मागून विरते. शेटजी, तुमची गेल्याच महिन्यात रफू केली, खोटं असेल तर सांगा!"

सभागृहात हशा पिकला. शेटजी सावरून बसले, म्हणजे आणखीच बसले.

"ही बघा. मागून कोरी करकरीत, आणि गुडघ्यांवर ठिगळावर ठिगळ. धुरात उभं राहता येत नाही, रांगावं लागतं. ह्याला मी हाताला धरून चालायला शिकवलं, आता तो तुमच्यासाठी रांगतोय. त्याला एकट्याला आत धाडून वाचणारे पैसे मला नकोत. घ्या माझ्याकडून वाढीव घरपट्टी!"

पगारवाढ पुढच्या वर्षावर ढकलली गेली. पण माणूस कमी करायचं रद्द झालं.

"ताई, अख्ख्या गावाला पँट दाखवलीस. धुऊन तरी आणायचीस!"

"म्हणजे धुराचा वास गेला असता की, शहाण्या."

दुसऱ्या दिवशी बंब्याचा जोडीदार दारात हजर, हातात त्याची पँट. तीही गुडघ्यावरच फाटलेली. ताईने दोन्ही पँटी शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकाच जाड कापडातून दोघांची ठिगळं कापली.